इटलीचे सण, त्यांच्या सुट्या आणि आपण



ज्या शब्दाने आपण हा उत्सव ओळखतो, तो 'ज्युबिली' हा शब्द मूळचा इब्री होय. 'योबेल' म्हणजे मेंढ्याचे शिंग. दर पन्नासाव्या वर्षी हे शिंग फुंकून देशभर सुटकेची घोषणा करावी, दासांस मोकळे करावे, गहाण पडलेली जमीन मूळ कुळास परत द्यावी आणि शेतासही विसावा द्यावा, अशी आज्ञा लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. परंतु ख्रिस्तसभेचा उत्सव म्हणून ज्युबिलीचा जन्म झाला तो इटलीत, रोम नगरीत. इ.स. १३०० मध्ये पोप आठवे बोनिफास यांनी पहिले पवित्र वर्ष जाहीर केले. ते शंभर वर्षांनी एकदा यावे असे ठरले होते. पुढे पोप सहावे क्लेमेंत यांनी हे अंतर पन्नास वर्षांवर आणले व १३५० मध्ये दुसरे पवित्र वर्ष झाले. आणि १४७५ पासून दर पंचविसाव्या वर्षी पवित्र वर्ष पाळण्याचा प्रघात पडला. २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या महामंदिराचे पवित्र द्वार उघडून ज्या वर्षाचा आरंभ केला, ते ह्याच मालिकेतील होते.

आपण औरंगाबादकर, आजच्या भाषेत छत्रपती संभाजीनगरकर, मराठी बोलणारे कॅथलिक. आपण आज जो उत्सव करीत आहो त्याची रीत रोमची आहे. आणि एवढ्यावरच हे थांबत नाही. आपल्या नाताळचा गोठा इटलीतून आला आणि ख्रिस्तशरीराच्या मिरवणुकीचा सण सर्व ख्रिस्तसभेस लागू करणारे फर्मान १२६४ मध्ये इटलीतील ओर्व्हिएतो ह्या गावाहून निघाले. तेव्हा त्या देशाचे लोक आपले सण कसे पाळतात, त्यांच्या सरकारने त्या सणांस सुट्या कशा दिल्या, काढल्या व पुन्हा दिल्या, आणि ह्या घडामोडींत सणांचे काय झाले, हे पाहणे आपणांस अगत्याचे वाटेल, अशी आशा आहे. कारण 'सुटी नाही, मग सण कसा करावा?' हा प्रश्न आपल्याही घरांत आता वारंवार ऐकू येऊ लागला आहे.

सुट्यांचा इतिहास

इटलीचे सण आणि इटलीच्या सुट्या ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मध्ययुगात सणांची संख्या इतकी वाढली होती, की रोजच्या मजुरीवर पोट भरणाऱ्या गरिबांची अडचण होऊ लागली. म्हणून १६४२ मध्ये पोप आठवे उर्बान यांनी सक्तीच्या सणांची संख्या मर्यादित केली, आणि १९११ मध्ये पोप दहावे पायस यांनी रविवार सोडून असे केवळ आठ सण ठेवले. सणासाठी माणूस उपाशी राहावा, अशी ख्रिस्तसभेची इच्छा कधीच नव्हती, हे ह्यावरून दिसून येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत राजसत्ता जाऊन लोकसत्ता आली. २ जून १९४६ रोजी झालेल्या मतदानाने हा निर्णय झाला, व तो दिवस त्यांचा प्रजासत्ताक दिन ठरला. १९४९ च्या कायद्याने सुट्यांची यादी निश्चित करण्यात आली. तीत २५ एप्रिल हा १९४५ मधील मुक्तीचा दिवस, १ मे हा कामगारांचा दिवस, आणि त्यांच्या जोडीला प्रकटीकरण, संत योसेफ, स्वर्गारोहण, ख्रिस्तशरीर, संत पेत्र व पौल, मरियामातेचे स्वर्गोन्नयन, सकल संत, निष्कलंक गर्भसंभव, नाताळ व त्याचा दुसरा दिवस असे धार्मिक सण होते. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीच्या सोमवारीही तेथे सुटी असते. त्या दिवशी लोक शिदोरी घेऊन रानात किंवा डोंगरावर जातात व मोकळ्या हवेत जेवतात. पोप फ्रान्सिस यांचे २१ एप्रिल २०२५ रोजी देहावसान झाले तो दिवस हाच सोमवार होता.

ह्या यादीवर १९७७ मध्ये कात्री चालली. सुट्या फार झाल्या, उत्पादन घटते, अशी तक्रार होती. शिवाय सणाची सुटी आणि रविवार यांच्यामध्ये एखादा दिवस उरला, तर तोही पदरात पाडून घेण्याची चाल तेथे आहे. तिला ते लोक 'पूल बांधणे' असे म्हणतात. आपल्याकडे 'जोडून सुटी घेणे' म्हणतात, तोच हा प्रकार. १९७७ च्या कायद्याने प्रकटीकरण, संत योसेफ, स्वर्गारोहण, ख्रिस्तशरीर आणि संत पेत्र व पौल ह्या सणांच्या सुट्या गेल्या. राष्ट्राचे पालक संत, असीसीचे संत फ्रान्सिस, यांचा ४ ऑक्टोबर हा दिवसही सरकारी सणांच्या यादीतून गेला. एवढेच काय, पण प्रजासत्ताक दिनसुद्धा जूनच्या पहिल्या रविवारी ढकलण्यात आला.

पुढे काय झाले ते मोठे बोधप्रद आहे. १९८५ च्या अखेरीस प्रकटीकरणाची सुटी परत मिळाली, आणि रोम शहरापुरती २९ जूनची पेत्र व पौल यांची सुटीही परत आली. २००० च्या कायद्याने प्रजासत्ताक दिन पुन्हा २ जूनला आला. आणि २०२५ मध्ये इटलीच्या संसदेने ४ ऑक्टोबर हा दिवस पुन्हा सार्वजनिक सुटीचा ठरविला, तो २०२६ पासून. संत फ्रान्सिस यांच्या मृत्यूस त्या वर्षी आठशे वर्षे होतात. आणि गंमत अशी, की त्या वर्षीचा ४ ऑक्टोबर नेमका रविवारी येतो!

जी सुटी कायदा देतो, ती कायदा काढूनही घेतो. परंतु ज्या दिवसांच्या सुट्या गेल्या त्या दिवसांचे सण काही गेले नाहीत. प्रकटीकरणाच्या आदल्या रात्री इटलीतील मुले आपले मोजे टांगून ठेवतात. बेफाना नावाची एक म्हातारी केरसुणीवर बसून येते, चांगल्या मुलांच्या मोज्यांत खाऊ भरते व खोडकरांच्या मोज्यांत कोळसा टाकते, अशी त्यांची समजूत आहे. सुटी नव्हती त्या वर्षांतही ह्या म्हातारीची वाट घरोघरी पाहिली जातच होती.

सुटी नसलेला सण आणि सण हरवलेली सुटी

इटलीतील एका गोष्टीचे आपणांस नवल वाटेल. तेथे उत्तम शुक्रवारी सार्वजनिक सुटी नसते. आपल्या देशात ख्रिस्ती लोक मूठभर असूनही सरकार त्या दिवशी सुटी देते. परंतु पोप महाशयांच्या दारात असलेल्या त्या कॅथलिक देशात त्या दिवशी दुकाने व कचेऱ्या उघड्या असतात. तरीही त्या रात्री रोममधील कोलोसियम ह्या पुरातन रंगभूमीपाशी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीस हजारो लोक जमतात. ही प्रथा १९६४ मध्ये पोप सहावे पौल यांनी पुन्हा सुरू केली. सिसिली बेटावरील त्रापानी गावात प्रभूच्या दुःखसहनाचे प्रसंग दाखविणारे वीस मूर्तिसमूह खांद्यांवर घेऊन लोक उत्तम शुक्रवारी दुपारी निघतात, ते रात्रभर चालून दुसऱ्या दिवशीच मंदिरात परततात. प्रत्येक मूर्तिसमूहाचा भार एकेका व्यवसायाच्या मंडळीने उचलावयाचा, अशी तेथील रीत आहे. कोळी, शिंपी, भटारी, मिठागरांत राबणारे, असे सारे कष्टकरी आपापला वाटा पिढ्यानपिढ्या सांभाळीत आले आहेत. त्यांना कोणत्याही सरकारी पत्रकाची वाट पाहावी लागली नाही.

ह्याच्या उलट उदाहरणही त्याच देशात सापडते. १५ ऑगस्ट रोजी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो. सामान्य लोक त्या दिवसास 'फेर्रागोस्तो' म्हणतात. हे नाव ख्रिस्ती नव्हे. ख्रिस्तपूर्व १८ मध्ये रोमचा सम्राट ऑगस्टस याने आपल्या नावाने जो विश्रांतीचा उत्सव सुरू केला, त्याचे ते नाव होय. तो उत्सव ऑगस्टच्या आरंभी असे. कालांतराने तो मरियामातेच्या सणाशी एकरूप झाला. आज त्या दिवशी शहरे ओस पडतात, कारखाने बंद असतात, आणि लोकांची रीघ लागते ती समुद्रकिनाऱ्याकडे. सुटी भरपूर आहे. परंतु तिचे नाव सम्राटाचे राहिले आणि पुष्कळांच्या मनातून स्वर्गाच्या राणीचे नाव पुसट झाले. तरी सिएना नगरीत १६ ऑगस्टची सुप्रसिद्ध घोड्यांची शर्यत अजून मरियामातेच्या सन्मानार्थच होते, आणि शर्यतीपूर्वी प्रत्येक पेठेचा घोडा त्या पेठेच्या प्रार्थनामंदिरात नेऊन त्यास आशीर्वाद देतात. पोळ्याच्या दिवशी बैलांस ओवाळणाऱ्या आपल्या शेतकऱ्यास ही गोष्ट ऐकून मुळीच हसू येणार नाही. संत अंतोन मठाधिपती यांच्या सणाच्या दिवशी, १७ जानेवारीस, इटलीच्या खेड्यापाड्यांत गुराढोरांस आशीर्वाद देण्याची चाल आहे, तीही ह्याच भावनेतून आली आहे.

ह्या दोन उदाहरणांवरून आम्हांस असे दिसते, की सुटी ही सणाची सावली आहे. सावली पुढे पडो वा मागे पडो, ती असली म्हणजे देह असतोच असे मात्र नाही.

सणांचे घर

मग सण जगतात तरी कोठे? इटलीकडे पाहता उत्तर एकच मिळते: ते घरात, चुलीपाशी आणि गरिबांच्या संगतीत जगतात.

१३ डिसेंबरचा संत लुसियेचा सण घ्या. सिसिलीतील पालेर्मो शहरात अशी परंपरा सांगतात, की १६४६ च्या दुष्काळात संत लुसियेच्या दिवशी बंदरात धान्याचे गलबत लागले. लोक इतके भुकेलेले होते, की गहू दळण्याइतका धीर त्यांना धरवेना; त्यांनी तो नुसता उकडून खाल्ला. त्याची आठवण म्हणून आजही तेथील लोक त्या दिवशी भाकरी-रोटी वर्ज्य करतात व उकडलेला गहू खातात. आपल्याकडे ज्यास घुगऱ्या म्हणतात, तोच हा पदार्थ. फक्त ते लोक त्यात साखर किंवा मध घालून गोड करतात. मराठवाड्याने किती दुष्काळ पाहिले हे वाचकांस सांगावयास नको. भुकेची आठवण सणाच्या ताटात जपून ठेवणारे ते लोक आपणांस परके कसे वाटतील?

१९ मार्च हा संत योसेफांचा दिवस. १९७७ मध्ये त्याची सुटी गेली ती अजूनही परत आलेली नाही. परंतु सिसिलीच्या गावांतून त्या दिवशी घराघरांत मोठी पंगत मांडतात. गावातील गरीब माणसांस अथवा मुलांस पवित्र कुटुंबाच्या जागी मानून मानाने बसवितात, आणि त्यांचे जेवण झाल्यावरच इतरांनी जेवावयाचे, असा नियम पाळतात.

आणि सर्वांत मोठे उदाहरण नाताळच्या गोठ्याचे. १२२३ च्या नाताळात संत फ्रान्सिस हे ग्रेच्चो नावाच्या डोंगरी खेड्यात होते. बेथलेहेमात बाळ येशूस कोणती गैरसोय सोसावी लागली, तो गवतावर कसा निजला, हे आपल्या ह्याच डोळ्यांनी पाहावे, अशी त्यांस इच्छा झाली. त्यांच्या सांगण्यावरून जोव्हान्नी नावाच्या त्या भागातील एका सद्गृहस्थाने गव्हाणी, वाळलेले गवत, एक बैल व एक गाढव यांची सिद्धता केली. आसपासच्या खेड्यांतील लोक मशाली घेऊन रात्री तेथे जमले. गव्हाणीवर पवित्र मिस्सा झाली. आणि फ्रान्सिस यांनी, जे कधीच याजक झाले नाहीत, केवळ दीक्षित सेवक होते, शुभवर्तमान गाऊन उपदेश केला. त्या गव्हाणीत एकही मूर्ती नव्हती. ही सर्व हकीकत त्यांचे चरित्रकार चेलानोचे थॉमस यांनी लिहून ठेवली आहे. पुढे हीच प्रथा गावोगाव पसरली. अठराव्या शतकात नेपल्स येथे तिला असे रूप आले, की बाळ येशूच्या भोवती पाववाले, मासेविके, भाजीवाल्या, भिकारी असा त्या शहराचा सगळा बाजारच मातीच्या मूर्तींनी उभा राहू लागला. १ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी गोठ्याच्या महत्त्वाविषयीच्या आपल्या पत्रावर सही केली, ती त्याच ग्रेच्चोला जाऊन.

आपली मुले गोठ्यात मातीची बैलजोडी, कडब्याची पेंढी, गव्हाचे हिरवे कोंभ आणि डोक्यावर घागर घेतलेली बाई ठेवतात, तेव्हा 'हे बेथलेहेमासारखे नाही' असे कोणी म्हणू नये. नेपल्सच्या लोकांनी बाळ येशूस नेपल्सच्या बाजारात जन्मास घातले. आपण त्यास मराठवाड्याच्या शिवारात जन्मास घालतो. परंपरेप्रमाणे वागणे ह्याचेच नाव.

आपल्या घरची गोष्ट

आता आपल्याकडे वळू. आपल्या भागात शुभवर्तमान घेऊन आलेले धर्मगुरू संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने स्थापन झालेल्या मिशनरी संघाचे होते. म्हणूनच आपल्या शहरातील प्रधानमंदिर त्या संताच्या नावाने उभे आहे. हा संघ १८३८ मध्ये फादर पीटर मर्मिये यांनी सव्हॉय प्रांतातील आनसी येथे स्थापिला. आज आनसी फ्रान्समध्ये आहे. परंतु त्या काळी सव्हॉय हा सार्डिनियाच्या राज्याचा भाग होता, त्याची राजधानी इटलीतील ट्युरिन ही होती, आणि त्याच राजघराण्याकडे पुढे १८६१ मध्ये संयुक्त इटलीचे सिंहासन आले. सव्हॉय फ्रान्सकडे गेला तो १८६० मध्ये. म्हणजे १८४५ मध्ये ह्या संघाचे पहिले धर्मगुरू हिंदुस्थानच्या भूमीवर उतरले, तेव्हा ते ट्युरिनच्या राजाचे प्रजाजन होते. इटलीचे व आपले नाते केवळ रोममुळेच जडले आहे असे नाही, हे सांगण्यासाठी एवढा उल्लेख केला.

घोगरगाव व आसपासच्या खेड्यांतून ह्या संघाच्या धर्मगुरूंनी, त्यांत विशेषेकरून फादर जाकिये यांनी, जे कष्ट उपसले त्यांची स्मृती आपल्या लोकांत ताजी आहे. तो काळ निजामाच्या राजवटीचा होता. त्या राज्यात आठवड्याची सरकारी सुटी रविवारी नसून शुक्रवारी असे. शेतमजुरी करणाऱ्या आपल्या पूर्वजांस तर शुक्रवारचीही सुटी नव्हती. मालकाच्या शेतावर दिवस उगवताच हजर व्हावे लागे. तरीही प्रभूचा वार पाळला गेला, नाताळ साजरा झाला, राखेच्या बुधवारी कपाळी राख लागली. सुटीवाचून सण पाळण्याची विद्या आपण इटलीपासून शिकलो नाही. ती आपल्या आजी-आजोबांनीच आपणांस शिकविली आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले, १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. आणि ह्या सर्व स्थित्यंतरांतून ती विद्या आपल्यापर्यंत पोहोचली.

आज आपली स्थिती निराळी आहे. रविवार मोकळा आहे, उत्तम शुक्रवार व नाताळ ह्यांची सुटी आहे. काही दिवस तर ईश्वरी योजनेने दुहेरी शोभा घेऊन येतात. १५ ऑगस्टला मरियामातेचा सण व स्वातंत्र्य दिन एकत्र येतात; १ मे रोजी महाराष्ट्र दिन, कामगार दिन व पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये नेमून दिलेला कष्टकरी संत योसेफांचा सण एकत्र येतात. परंतु वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या तरुणास नाताळची रात्र यंत्रापुढे काढावी लागते. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाचा नाताळ फडातील कोपीवर येतो, कारण गाळपाचा हंगाम नेमका त्याच महिन्यांत भरात असतो. आणि ज्यांस सुटी आहे, त्यांपैकी कित्येकांचे १५ ऑगस्ट झेंडावंदनानंतर सहलीत सरतात. तेव्हा त्रापानीची वाट आणि फेर्रागोस्तोची वाट, ह्या दोन्ही वाटा आपल्याही दारापासून फुटलेल्या आहेत.

म्हणून ज्युबिलीच्या निमित्ताने आमची धर्मग्रामातील प्रत्येक घरास विनंती आहे. सणाच्या आदल्या रात्री घरातील वडील माणसाने मुलांस त्या दिवसाची कथा सांगावी. जो पाळीवर गेला असेल त्याच्यासाठी ताट झाकून ठेवावे, आणि तो परतल्यावर सर्वांनी मिळून पुन्हा प्रार्थना म्हणावी. संत योसेफांच्या दिवशी एखाद्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यास आपल्या पंगतीत पहिला मान द्यावा. आणि येत्या नाताळात तरुण मंडळींनी मंदिरातील गोठा तर सजवावाच, पण दुसरा लहानसा गोठा हाती घेऊन ऊसतोडीच्या फडावरील आपल्या बांधवांकडे जावे. ग्रेच्चोच्या डोंगरावरील त्या पहिल्या गोठ्यास लागले ते केवळ गवत, गव्हाणी आणि मशाली. गवत व पाचट फडावर मुबलक असते. उजेड तेवढा आपण न्यावा.

ज्या पवित्र कुटुंबास बेथलेहेमात उतरावयास जागा मिळाली नाही, ते आपल्या प्रत्येक घरी, कारखान्यात व कोपीत वस्तीस येवो, आणि ज्युबिलीचे हे वर्ष आपणां सर्वांस खऱ्या सुटकेचे जावो, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना.